ओसरीवरची पणती

एरंडोल
२२ मार्च

चि. सुलक्षणा,

आत्याचे पोटभर आशीर्वाद. पत्र बघून दचकू नकोस, कुणी गेलेलं-बिलेलं नाही. पोस्टमन दारात आला की काळजात चर्र व्हायचे दिवस आमचे होते, तुमचे नव्हेत. मी बरी आहे. गुढी उतरवली, गाठ्यांचा हार शेजारच्या लताबाईच्या नातवंडांनी केव्हाच फस्त केला. ऊन आत्तापासून तव्यावर बसवल्यासारखं. तुझ्या पप्पांचा गुडघा कसा आहे? अभिमनला म्हणावं, एरंडाचं पान शेकून बांधत जा. माझा धाकटा भाऊ असून म्हाताऱ्यासारखं चालतो.

तू परवा विचारलंस, "आत्या, तू रोज सकाळी न चुकता मोबाईलवर लिहितेस. मी महिन्यातून एकदा बसते, लिहिते आणि टाकायच्या आधी खोडते. तुझं रोज कसं जमतं?" उत्तर द्यायला बोट उचललं आणि खाली ठेवलं. मोबाईलवरची गोष्ट कुणालाही पुढे ढकलता येते. कागदाला ती खोड नाही.

तर ऐक. 'आक्कानी ओसरी' हे पान तूच मला उघडून दिलंस, बोट धरून मराठी अक्षरं दाबायला शिकवलीस. त्यापुढचं मी माझं माझं बसवलं, आणि त्यात काही मोठी विद्या नाही.

काय लिहायचं ते सकाळी ठरवू नये. सकाळी चूल पेटवल्यावर पीठ शोधायला निघालं तर भाकरी कधी होणार? मी आदल्या दिवशी संध्याकाळी तांदूळ निवडताना एक शब्द धरते. एकच. 'फुनके' धरला तर डाळीचे वाफवलेले फुनके. 'खापर' धरला तर खापर. तो मनात घोळवत झोपते. सकाळी तो आपोआप फुगलेला असतो, आंबवणाच्या पिठासारखा.

मग पाणी भरून झालं की चहाच्या आधी बसते. जागा ठरलेली, स्वयंपाकघराचा उंबरा. पाठीला चौकट, समोर परसातली शेवग्याची सावली. मोबाईलचं नेट बंद. हे विसरू नकोस. नेट चालू ठेवून लिहिणं म्हणजे बाजाराच्या दिवशी चौकात बसून गव्हातले खडे वेचणं. जेवढं मावेल तेवढं लिहायचं, चहाला उशीर होईल इतकं नाही. एकदा वाचायचं, मोठ्याने, आपल्याच कानाला. जिभेला अडलं तिथे बदलायचं. मग नेट लावायचं, टाकायचं आणि मोबाईल ज्वारीच्या डब्यात. खरंच डब्यात ठेवते. लताबाई म्हणते, "आक्का, एक दिवस त्याची भाकरी कराल." लोकांनी काय लिहिलं ते जेवणं झाल्यावर बघायचं. स्तुती उपाशीपोटी चढते आणि शिवी उपाशीपोटी लागते.

आणि खोडू नकोस ग. वाकडी भाकरी कुणी उकिरड्यावर टाकतं का? घरच्यांना वाढायची, दुसरी नीट थापायची. लिहिण्याचंही तेच.

एक नियम मात्र पाळ. दुसऱ्याच्या घरातली गोष्ट, कितीही गमतीची असली, तरी लिहायची नाही. नाव बदलून नाही, गाव बदलून नाही. हे मी कसं शिकले ते पुन्हा कधीतरी.

सुट्टी कधी घेतेस, असंही विचारलंस. तू घे. रविवारी घे, सणावाराला घे. मी घेत नाही. का ते विचारू नकोस. आता सवयच लागली म्हण. आणि ज्वारीच्या डब्याचं सांगितलं, पण हल्ली माझा मोबाईल डब्यात राहत नाही. पान टाकलं की मी उंबऱ्यावरच बसून राहते. माझा एक वाचक आहे, नाव ना चेहरा, नुसतं जास्वंदीचं फूल लावलेलं. तो रोज सकाळी पानाखाली एक पणती ठेवतो. शब्द नाही, फक्त पणतीचं चित्र. ती दिसली की मी चहा ठेवते. म्हातारपणी असे चाळे लागतात.

माझ्या सपनाचं सासरी बरं असेल. साक्रीकडे ऊन इकडच्याइतकं नसतं.

पप्पांना सांग, आठवण काढते.

तुझी
आत्या


एरंडोल
१० एप्रिल

चि. सुलक्षणा,

तुझं पत्र मिळालं. अक्षर अजून शाळेतल्यासारखंच गोल आहे. तू उंबऱ्याऐवजी गॅलरीतल्या पाटावर बसतेस, आणि दोनदा न खोडता टाकलंस, हे वाचून बरं वाटलं. तुझं ते वांग्याच्या भरताचं मी वाचलं. छान आहे. भरताला चूल पाहिजे असं लिहिलंस ते आणखी ठसकून लिहायचंस, गॅसवाल्यांना राग आला तर येऊ दे.

इथे कैऱ्या उतरल्या. मी लोणचं घातलं नाही. हात लागेना.

आता मुद्द्यावर येते. येववत नाहीये, पण येते.

तो पणतीवाला वाचक म्हणजे आपली सपना.

तुला माहीत आहे ते एवढंच, की गेल्या श्रावणानंतर सपनाच्या सासरच्यांनी बोलणं तोडलं. दिवाळीला तुझे पप्पा भाचीला आणायला गेले, आणि ओट्यावरूनच परत पाठवले गेले, पाणीसुद्धा न पिता. अभिमन तेव्हापासून म्हणतो, "आक्का, त्यांनी हात जोडून बोलावल्याशिवाय मी त्या गावात पाय ठेवणार नाही." पण का तोडलं ते त्यालाही मी धड सांगितलेलं नाही. तुला सांगते.

श्रावणात त्यांच्याकडे कानबाई बसली. कानबाईचे रोट भाऊबंदांशिवाय कुणी खात नाही, घराबाहेर घास जात नाही, हे तुला ठाऊक आहे. सपनाने फोनवर हसत हसत सांगितलं की पूजा झाल्यावर त्यांच्या शेळीने एक रोट ओढून खाल्ला. तिच्या सासूने, द्रौपदाबाईने, घाईघाईने दुसरा करून तिथे ठेवला आणि सगळ्यांना गप्प बसवलं. मला हसू आवरेना. दुसऱ्या सकाळी मी ते लिहिलं. नाव नाही, गाव नाही, 'एका घरी' असं लिहिलं. आणि गंमत यावी म्हणून लिहिलं, शेळी पांढरी, एक शिंग मोडकं.

सुलक्षणा, माणसाचं नाव झाकता येतं ग, पण मोडक्या शिंगाची शेळी त्या गावात एकच होती.

माझं सगळ्यात जास्त वाचलं गेलेलं पान ते. लोक हसून लोळले. आणि तिकडे भाऊबंद द्रौपदाबाईच्या दारात उभे राहिले. आम्हाला शेळीचा उष्टा रोट चारला का, म्हणून. त्याच आठवड्यात त्यांच्या चुलत घरातलं एक पोर तापाने फणफणलं, तर तो दोषही यांच्याच माथी. द्रौपदाबाईचा मला फोन आला. आवाज चढलेला नव्हता, त्याचीच मला भीती वाटली. म्हणाली, "आमनी कानबाई मोबाईलवर कसाले टाकी? बठ्ठं गाव हासस. आते तुमनी पोर तुमले फोन करणार नही." आणि सपनाचा मोबाईल गेला.

मी पान पुसून टाकलं. पण ते पुसण्याआधी हजार जणांनी पुढे ढकललेलं. आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या दिवशी, बायका बार खेळतात, नदीच्या दोन काठांवरून एकमेकींचे वाभाडे काढतात, ते दिवस मावळला की संपतं. वाळूत कुणी लिहून ठेवत नाही. मला वाटलं माझंही तसंच. एवढं साधं मला कळलं नाही.

पुढे महिना-दोन महिने काहीच नाही. मग दसऱ्याच्या आसपास, मी ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीवर लिहिलं होतं, त्याखाली ते जास्वंदीचं फूल आलं. "आक्का, तुम्ही कळण्याच्या पिठात ओवा घालता, ते लिहायचं राहिलं." कळण्यात ओवा आपल्याकडे कुणीही घालत नाही. मी घालते, कारण सपनाचं पोट लहानपणी दुखायचं.

त्यानंतर ती बोलली नाही. फक्त पणती. कुणाच्या मोबाईलवरून करते, शेजारणीच्या की कुणाच्या, मी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर तिला उत्तर द्यावं लागलं असतं, आणि ते उत्तर सासरच्यांना सापडलं असतं. आमचं न बोलता ठरलं. मी लिहायचं, तिने पणती ठेवायची.

आता तुला कळलं असेल मी सुट्टी का घेत नाही ते. मी लिहीत नव्हते ग, रोज सकाळी तिच्या दाराची कडी वाजवत होते. आणि ती आतून 'आहे' म्हणायची.

मागच्या आठवड्यापासून पणती आली नाही.

पहिल्या दिवशी म्हटलं, नेट नसेल, तिकडे डोंगराकडे असतं-नसतं. दुसऱ्या दिवशी म्हटलं, पाहुणे आले असतील. मग म्हणायला काही उरलं नाही. जावयाला, योगराजला, फोन लावला. उचलत नाही. लग्नात हाच मुलगा माझ्या पाया पडताना रडला होता, सपनाला जपेन म्हणाला होता. मग द्रौपदाबाईला लावला. "ती वावरमा गयेल शे." दुपारी लावला. "ती वावरमा गयेल शे." उन्हाच्या कहरात, रब्बी निघून गेल्यावर, वावरात काय करते ती?

आणि काल. मी गौराईवर लिहिलं होतं, त्याखाली एका अनोळखी नावाने लिहिलं गेलं, "पणतीची वाट बघताय का आक्का? तेल संपलं."

मी ते पाच-सहा वेळा वाचलं. मग मोबाईल पालथा ठेवला. मग पुन्हा उचलला, तर तिथे पाठोपाठ कुणी हसणारी तोंडं टाकली होती. त्या बिचाऱ्यांना काय माहीत, त्यांना विनोद वाटला. लताबाई ताक घेऊन आली होती, तिला वाचून दाखवलं. ती खाली बसली. म्हणाली, "पोलिसांत जा आक्का."

काय सांगू पोलिसांना? पणती आली नाही?

मी आज सकाळीही लिहिलं. काय लिहिलं ते आठवत नाही. शब्द धरलेला नव्हता, जागेवर जाऊन बसले, बोटं चालली. उंबऱ्याची सवय माणसाला बसवते, एवढं खरं. पण टाकताना दोनदा भलतंच बटण दाबलं. वाटलं, माझ्या प्रत्येक ओळीची तिकडे तिला झळ बसत असेल तर? आणि वाटलं, आज लिहिलं नाही आणि तिने कुठून तरी, कशीतरी बघितलं, तर तिला काय वाटेल? आई थकली?

पप्पांना यातलं सांगू नकोस अजून. मी त्याच्याशी बोलते.

आत्या


एरंडोल
१६ एप्रिल

सुलक्षणा बाळ,

हे पत्र तुला पोस्टातून नाही, तुझ्या ऑफिसच्या खिडकीवर मिळेल. मी स्वतः ठेवून गेलेली असेन. तू दुपारी एकच्या सुमाराला जेवायला बाहेर जातेस हे मला माहीत आहे, तेव्हाच येईन. रागावू नकोस. पूर्ण वाच, मग राग.

अभिमनशी बोलले. सगळं सांगितलं, शेळीपासून. तो म्हणाला, "आक्का, तू असं केलंस?" मी म्हटलं, "केलं." तो म्हणाला, "आणि मी तिथे जाऊन त्यांच्याशी भांडलो, की आमच्या पोरीचा काय गुन्हा?" मी म्हटलं, "पोरीचा नव्हताच. तू बरोबरच भांडलास." आखाजीला मुराळी म्हणून जाशील का, विचारलं. आखाजीला लेकीला न्यायला आलेल्या माणसाला आपल्याकडे कुणी दारातून माघारी लावत नाही, दिवाळीला लावतील, आखाजीला नाही. त्याने गुडघ्याचं सांगितलं. गुडघा नाही ग तो. मी त्याला दोष देत नाही. ज्या ओट्यावर पाणी मिळालं नाही तो ओटा माणूस विसरत नाही.

म्हणून मीच निघालेय. मुराळी म्हणून.

लताबाई म्हणाली, "बाई कधी मुराळी होते का? लोक हसतील." मी म्हटलं, "लोकांच्या हसण्याने काय होतं ते माझ्याइतकं कुणाला कळलंय, लताबाई? पण दुसरं माणूस नाही." मग तीच माझ्याबरोबर सांजोऱ्या तळायला बसली. सपनाला साडी घेतली आहे, द्रौपदाबाईलाही घेतली. मी ओट्यावर बसून आधी तिची माफी मागणार आहे. चार माणसांदेखत, जशी तिची फजिती चार माणसांत झाली तशी. शेळीची गोष्ट गावात माझ्या तोंडून गेली, सपनाच्या नाही, हे सांगणार आहे. मग पोरीला मागणार आहे.

मला भीती वाटतेय. तुला खोटं कशाला सांगू. द्रौपदाबाईची नाही. दार उघडेल आणि आतून सपना येणार नाही, याची वाटतेय. 'वावरमा गयेल शे' हेच तिथे उंबऱ्यात उभं राहून ऐकावं लागेल, याची वाटतेय.

आता तुझं काम.

तुझ्या मनात येईल, आत्याने आधीच सगळं पानावर का टाकलं नाही. एवढे लोक वाचतात, बोभाटा झाला की ते घाबरतील. मीही दोन दिवस हाच विचार केला. लिहूनही ठेवलं. पण मी आधी टाकलं, तर मी पोचायच्या आत ते गावात पोचेल. पुन्हा एकदा मोबाईलवर अब्रू, पुन्हा एकदा लोक दारात. आणि मी ओसरीवर असेन, ती त्यांच्या घरात असेल. राग कुणावर निघेल? एकदा मी न विचार करता टाकलं. आता विचार करून थांबतेय.

पण थांबण्यालाही हद्द पाहिजे. म्हणून पान तुझ्या हातात देते. पासवर्ड तूच ठेवलेला, तुला येतो. आत, न टाकलेल्या लिखाणात, सगळ्यात वरचं तेच आहे. इथेही लिहिते, म्हणजे चुकणार नाही:

"मी प्रमिलाबाई, एरंडोल. आज आखाजीची मुराळी होऊन माझी मुलगी सपना हिला आणायला तिच्या सासरी गेले. दिवस मावळेपर्यंत आम्हा दोघींचा काही पत्ता नाही. गावाचं आणि घराचं नाव खाली दिलं आहे. जवळपास कुणी असेल त्याने कृपा करून त्या घरी जावं आणि सपनाला डोळ्यांनी बघावं."

एवढंच. त्यात कुणाला शिवी नाही, कुणावर आळ नाही. एक शब्द वाढवू नकोस, एक कमी करू नकोस. गावाचं नाव मी तिथे लिहून ठेवलंय. टाकलंस की लगेच पप्पांना उठव, गुडघा बांधून का होईना, आणि दोघं पोलिसांत जा. तेव्हा सांगायला काहीतरी असेल, नुसती पणती नाही.

दिवस मावळायच्या आत मी तुला फोन करणार; मावळला आणि फोन आला नाही, तर टाक. तोपर्यंत काही टाकू नकोस, कुणाला सांगू नकोस, मला फोन लावू नकोस. माझा फोन त्यांच्यासमोर वाजायला नको.

तुला भेटले असते. धुळ्याच्या स्टँडवरून तुझं ऑफिस हाकेच्या अंतरावर आहे, साक्रीच्या गाडीला तेवढा वेळही आहे. पण तू भेटलीस तर माझ्याबरोबर निघशील, मला माहीत आहे तुला. दोघी गेलो तर मागे बटण दाबायला कोण?

आता शेवटचं, आणि हे नीट ऐक. माझा फोन आला, आणि मी म्हटलं, 'सगळं ठीक आहे, टाकू नको,' तरी लगेच ऐकू नकोस. माझ्या शेजारी कोण उभं असेल, मला काय कबूल करावं लागलेलं असेल, तुला तिकडून दिसणार नाही. मला म्हण, "आत्या, सपनाला दे." ती बोलली, तिच्या तोंडून तुझं नाव तुला ऐकू आलं, तर ते पुसून टाक आणि रात्री आम्हा दोघींसाठी भाकरी टाकून ठेव, आम्ही तुझ्याकडेच उतरू. आणि ती बोलली नाही, 'झोपलीय', 'कामात आहे', 'वावरात गेलीय', काहीही सांगितलं, मी स्वतः सांगितलं, मी रडून सांगितलं, तरी दाब.

सपनाचा आवाज ऐकल्याशिवाय माझं ऐकू नकोस, सुलक्षणा. तुझ्या आत्याची तुला आण.

गाडीची वेळ झाली.

सपनाची आई